कचेरीत जाताना काय नेसावे, काय घालावे?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की मध्यमवर्गीय घरांतून कपड्यांच्या याद्या होऊ लागतात. धाकट्याला सदरा, आजीला मऊ सुती पातळ, जावयाला दिवाळसणाचा आहेर. यादी लांबत जाते आणि बोनस आखडत जातो. या यादीत नोकरी करणाऱ्या मुलीचे किंवा सुनेचे नाव आले की मात्र खरेदीचा वेग एकदम मंदावतो. दुकानदार गठ्ठ्यामागून गठ्ठे सोडतो, आई कापड चिमटीत धरून पाहते, रंग सर्वांच्या पसंतीस उतरतो, आणि मुलगी हळूच म्हणते, "छान आहे गं, पण ऑफिसात चालेल का?"

घरातल्या पुरुषाला हा प्रश्न सहसा पडत नाही. पँट, शर्ट, फार झाले तर कमरेला पट्टा. त्याचा कचेरीतला पेहराव केव्हाच ठरून गेला. बाईचा अजून ठरावयाचा आहे, आणि तो ठरविण्याची हौस मात्र सर्वांना आहे. साहेबाला आहे, शेजारणीला आहे, गाडीत समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थांनाही आहे. म्हणूनच विषय वरवर पाहता शिंप्याच्या दुकानातला वाटला तरी तो तेवढ्यावर थांबत नाही. बाईच्या कपड्यांवरून तिच्या कामाची, स्वभावाची आणि घरच्या वळणाची परीक्षा करणारे लोक अजून पुष्कळ आहेत. आणि त्या परीक्षेत कधी कधी तिची बढती अडकून पडते.

नऊवारीची सून पाचवारी

आपली मराठी भाषा पेहरावाच्या बाबतीत मोठी चोखंदळ. साडी आपण नेसतो, ड्रेस घालतो, ओढणी घेतो, शाल पांघरतो आणि फेटा बांधतो. एवढी क्रियापदे ज्या भाषेत आहेत त्या समाजाने कपड्यांवर वाद घातले नसते तरच नवल! नेसण्यातही पुन्हा दोन पंथ होते. काष्टा घालून नेसणे ते सकच्छ, आणि काष्ट्यावाचून गोल नेसणे ते विकच्छ. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांतून सोवळ्याच्या स्वयंपाकाला आणि देवपूजेला काष्ट्याची नऊवारीच लागे.

ही नऊवारी म्हणजे कष्टाचा पेहराव होता. दोन्ही पाय मोकळे, पदर कमरेला खोचलेला, आणि सुटे पैसे ठेवावयाला कनवट. शेतात वाकता येते, ओझे उचलता येते, बंदरावर मासळीची टोपली घेऊन झपाझप चालता येते. विजारीने बाईचे मराठीपण जाते असे म्हणणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा. पाय वेगळे ठेवणारा पेहराव मराठी बाईला काही नवा नाही. शतकानुशतके ती तोच नेसत आली आहे.

उलट, आज जिला आपण 'पारंपरिक' म्हणतो ती गोल साडी आपल्याकडे नंतर रुळली, आणि तिच्या प्रवासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतले पहिले भारतीय अधिकारी. १८६४ साली त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी त्यांच्यासमवेत मुंबईस आल्या. बंगाली घरातली तत्कालीन साडी चार लोकांत वावरण्याच्या सोयीची नव्हती. मुंबईच्या पारशी स्त्रियांची नेसण्याची रीत त्यांनी पाहिली, तीत स्वतःच्या सोयीचे बदल केले, आणि पोलके व परकर यांच्यासह साडी नेसण्याची ती पद्धत बंगाल्यात नेली. घराबाहेर पडावयाचे ठरल्यावर त्यांनी आधी अंगावरच्या वस्त्राची सोय पाहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकावयाला अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहिला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तिकडच्या थंडीत ते निभावे कसे? त्यांनी गुजराती धाटणीने साडी नेसण्याचा मार्ग पत्करला. साडी सोडली नाही, पण नेसण्याची रीत बदलली. फिलाडेल्फियाच्या त्या कॉलेजातले १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली अशा तिघीजणी आपापल्या देशीच्या वेषात बसल्या आहेत. पुढे तिघींनी वैद्यकीची पदवी घेतली. कोणाच्याही वेषावाचून वैद्यकी अडली नाही.

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या आणि १८९२ साली तिथली परीक्षा दिली. छायाचित्रांत त्या साडीत दिसतात. मात्र स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा आपल्या देशात व्हावयाला १९२३ साल उजाडले. दार एकतीस वर्षे अडले होते ते साडीमुळे नव्हे. आत बाई नको म्हणून!

पुढे बायका शाळांतून, इस्पितळांतून, टेलिफोनच्या खात्यातून आणि फोर्टातल्या कचेऱ्यांतून कामाला जाऊ लागल्या आणि पाचवारी ही जणू त्यांची वर्दीच झाली. मग नायलॉन आणि टेरिलीन आले. रात्री धुवावे, सकाळी नेसावे, इस्त्रीची कटकट नाही. नोकरी आणि चूल दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला याचे मोल विचारावे! त्यानंतर आला पंजाबी ड्रेस. सुरुवातीला कॉलेजकुमारींचा म्हणून नाके मुरडली गेली, आणि पुढे तो इतका घरचा झाला की मराठी घरात नुसते 'ड्रेस' म्हटले तरी सलवार-कमीजच डोळ्यांपुढे येते. म्हणजे, आजची रूढी ही कालची फॅशन असते; फक्त मधल्या काळात कोणीतरी टीका सोसलेली असते.

'बिझनेस कॅज्युअल' हे काय प्रकरण आहे?

आता नव्या कंपन्यांतून एक नवा शब्दप्रयोग आला आहे. नेमणुकीच्या पत्रात लिहिलेले असते, पोशाख 'बिझनेस कॅज्युअल'. कामाचा, पण ऐसपैस. नीटनेटका, पण कडक नव्हे, असा त्याचा भावार्थ.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतला. हवाई बेटांवर १९६६ साली शुक्रवारी कचेरीत सुटाऐवजी तिकडचा फुलाफुलांचा सदरा घालून येण्याची चाल पडली. ती हळूहळू मुख्य भूमीवर पोहोचली. १९९२ साली जीन्स तयार करणाऱ्या लेव्ही स्ट्रॉस कंपनीने कचेरीत सैलसर कपडे कसे घालावेत याची एक सचित्र पुस्तिका काढून ती सुमारे पंचवीस हजार कंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडे धाडली. त्या पुस्तिकेतून कंपनीच्या विजारींचीही चांगली जाहिरात झाली, हे सांगावयास नकोच.

या नियमाची गंमत अशी की तो मुळात वजाबाकीचा नियम आहे. पुरुषाचा सूट ठरलेला होता. त्यातून टाय वजा केला, कोट वजा केला, की झाले कॅज्युअल! पण बाईच्या बाबतीत वजा करावयाचे ते कशातून? तिकडे तर पँट घालून कामावर येण्याचा हक्कसुद्धा बायकांना भांडून घ्यावा लागला. अमेरिकेच्या सिनेटमध्ये स्त्री-सभासदांनी पँट घालून यावयाला १९९३ साल उजाडले, आणि कामाच्या जागी स्त्रीला पँट घालण्यास मनाई करता येणार नाही असा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा १९९५ पासून अमलात आला. जिथे मूळचा आकडाच ठरला नव्हता तिथे वजाबाकीचे उत्तर प्रत्येकजण आपापल्या मनाने काढू लागला. आपल्याकडे साडी, ड्रेस, कुर्ता, जीन्स आणि स्कर्ट असा पंचमेळ असल्यामुळे हा घोळ पाचपट झाला.

एका मुलीची हकीकत

या घोळाची किंमत कोण मोजते हे एका हकीकतीवरून ध्यानात येईल. माझी एक जुनी विद्यार्थिनी. कल्याणच्याही पुढे राहणारी. वडील एका सोसायटीत पहारेकरी, आई पोळीभाजी केंद्रात कामाला. पदवीनंतर तिने हिशेबाचा एक संगणकी अभ्यासक्रम केला आणि मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत चिकटली. कचेरीत पाऊल ठेवणारी घरातली ती पहिलीच. नेमणुकीचे पत्र घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही भाषेच्या ना? मग या दोन शब्दांचा अर्थ सांगा."

मी सांगितलेला अर्थ तिला फारसा पटला नसावा. तिने जाहिरातीत पाहिले होते तसे कपडे आतेबहिणीकडून उसने पैसे घेऊन आणले. घट्ट विजार, तंग शर्ट आणि उंच टाचेच्या सँडल. पहिला पगार हाती पडावयाच्या आतच कर्ज झाले. गाडीत दीड तास उभे राहून दोन्ही टाचांना फोड आले. तरी ती कुरकुरली नाही. पण एके दिवशी बाहेरची मंडळी बैठकीला येणार होती. त्या बैठकीचे सगळे तक्ते हिने तयार केलेले. आदल्या संध्याकाळी वरिष्ठ म्हणाले, "उद्या तू आत नको बसूस. तुझं ते जरा... तिथे शोभणार नाही." हिचे तक्ते दुसऱ्याच मुलीने वाचून दाखविले.

'ते' म्हणजे काय, हे कोणी सांगितले नाही. रडून तिने नोकरी सोडली असती तर नवल नव्हते. पण हिशेब खात्यातल्या एका वयस्क बाईंनी तिला जवळ घेऊन सांगितले, "अगं, तोंडी काही ऐकून घेऊ नकोस. विचार लेखी." तिने चार ओळींचे पत्र लिहिले. माझ्या पेहरावात काय बदल हवा ते कळवावे, म्हणजे मी तो करीन, एवढेच. उत्तर आले की असा काही लेखी नियम नाही. पुढच्या महिन्यातल्या बैठकीला ती सुती कुर्ता, साधी विजार आणि सपाट चपला घालून आत बसली आणि आपले तक्ते स्वतः समजावून दिले. कुर्त्याचा रंग कोणता होता हे त्यानंतर कोणी विचारले नाही.

नियम लिहिलेला नसला की तो सर्वांना मोकळा असतो असा आपला समज आहे. तो खरा नाही. न लिहिलेला नियम ज्यांच्या घरात पूर्वीपासून कचेरीची वाट तुडवलेली असते त्यांना आपोआप कळतो, आणि ज्यांच्या घरातून प्रथमच कोणी बाहेर पडते त्यांना तो ठेच लागल्यावर कळतो.

नियम करणारे आणि पाळणारे

मग नियम लिहूनच काढावेत काय? तेही करून झाले आहे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे परिपत्रक काढले. स्त्रियांना साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, पँट व शर्ट चालेल. जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर चालणार नाहीत. शुक्रवारी खादी वापरावी, असे त्यात होते. दुपट्टा 'आवश्यकता असल्यास' घ्यावा असेही त्यात म्हटले होते. आता ही आवश्यकता कोणी ठरवावयाची? नेसणारीने की पाहणाऱ्याने? जीन्सवरची बंदी २०२१ साली उठली. टी-शर्ट मात्र बाहेरच राहिला. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी सूचना निघाल्या. शिक्षिकांना साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. या यादीतून विजार गळली. कचेरीतल्या कारकून बाईला जी विजार चालते ती शाळेतल्या बाईंना का चालू नये, याचे कोडे मला उलगडलेले नाही. केरळ सरकारने २०२१ साली नेमके उलट कळविले होते. शिक्षिकांना सोयीचा पोशाख करू द्यावा, साडीची सक्ती करू नये.

त्या मानाने वकिलांचा नियम शहाणपणाचा वाटतो. बार कौन्सिलच्या नियमांत स्त्री-वकिलांना साडी आहे, लांब स्कर्ट आहे, चुडीदार-कुर्ता आणि सलवार-कुर्ताही आहे. त्या नियमांतही 'पंजाबी ड्रेस' हाच शब्द आहे बरे का! रंग काळा, पांढरा किंवा सौम्य असावा, वर काळा कोट आणि बँड असावेत, एवढी अट. कामाची खूण एकच, पण खालचे वस्त्र जिचे तिने निवडावे. एअर इंडियानेही डिसेंबर २०२३ मध्ये नवा गणवेश दाखविला तेव्हा साडी ठेवली आणि हवी असल्यास ती पँटवर नेसण्याची सोय करून दिली. काष्ट्याची नऊवारी पाहिलेल्या आजीबाईंना यात काही विपरीत वाटू नये.

या बाबतीत केवळ आपणच मागे आहोत असेही नाही. लंडनमध्ये २०१५ साली स्वागतकक्षात काम करणाऱ्या एका तरुणीला उंच टाचांचे बूट घातले नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठविण्यात आले. तिच्या अर्जावर दीड लाखांवर लोकांनी सह्या केल्या आणि गोष्ट पार्लमेंटपर्यंत गेली. जपानात २०१९ साली स्त्रियांनी याच उंच टाचांविरुद्ध चळवळ उभारली. बाईने शोभून दिसावे ही अपेक्षा सगळीकडे आहे. शोभण्याचा खर्च आणि पायाचे फोड मात्र तिच्या वाट्याचे.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. कचेरीत कोणी वावगे वागले तर 'तिचे कपडेच तसे होते' हा बचाव आजही ऐकू येतो. कामाच्या जागी होणाऱ्या छळासंबंधीचा २०१३ चा कायदा नकोशा वागणुकीकडे पाहतो. छळाच्या त्याच्या व्याख्येत बाईच्या पेहरावाला कोठेही स्थान नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे मुलींना सांगावे, आणि मुलांना तर आधी सांगावे.

चार कसोट्या

आता मुली विचारतील, "हे सगळं ठीक, पण सोमवारी घालू काय?" माझ्या मते चार कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली कसोटी गाडीची. पश्चिम रेल्वेने १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ बायकांची लोकल सुरू केली, तरी गर्दी काही ओसरली नाही. ज्या कपड्यात जिना चढता येतो, दांडी धरून हात वर करता येतो आणि पावसात गुडघाभर पाणी तुडवता येते तो कामाचा. साडी नेसावयाची तर निऱ्यांना आणि पदराला पिन, खाली धड फॉल. ओढणी घ्यावयाची तर दोन्ही खांद्यांना टाचून. ती दाराला किंवा दुचाकीच्या चाकाला अडकणे हा चेष्टेचा विषय नाही. आणि शिंप्याला आवर्जून सांगावे, कुर्त्याच्या उजव्या शिवणीत एक खोल खिसा ठेव. आजीच्या कनवटीची जागा कोणीतरी भरून काढली पाहिजे.

दुसरी कसोटी खुर्चीची. आठ तास बसून, वाकून, उठून पाहावे. जो कपडा दर पाच मिनिटांनी सावरावा लागतो तो कामातले लक्ष खातो. शिवाय वातानुकूलित कचेरीत बायका कुडकुडतात आणि पुरुष घाम पुसतात, ही नेहमीची तक्रार. ती केवळ नाजूकपणाची नव्हे. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की इमारतींचे तापमान ठरविण्याचे जे गणित साठाच्या दशकापासून चालत आले, त्यात चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचे शरीर प्रमाण धरले आहे. गणित बदलेपर्यंत खणात एक हलकी शाल किंवा जाकीट असू द्यावे.

तिसरी कसोटी पाकिटाची. रोज नवा कपडा हवा ही दुकानदाराची शिकवण. चार कुर्ते आणि त्यांना एकमेकांशी जुळतील अशा तीन विजारी घेतल्या की बारा जोड होतात. दोन आठवडे निभतात. मंगळगिरी, खादी, इरकली काठाचे सुती, खणाचा एखादा पट्टा लावलेला साधा कुर्ता, यांत नीटनेटकेपणाही आहे आणि आपल्या विणकराच्या घरी दिवाळीही आहे. भारी कापडापेक्षा स्वच्छ, इस्त्रीचे आणि शिवण न उसवलेले कापड अधिक रुबाबदार दिसते.

चौथी कसोटी कामाची. प्रयोगशाळेत, कारखान्यात लोंबता पदर धोक्याचा. बँकेच्या खिडकीवर तोच पदर कोणाला अडत नाही. बंद खोलीत उग्र अत्तर आणि कळफलकावर वाजणाऱ्या डझनभर बांगड्या शेजारच्यांना त्रासाच्या. कपडा कामाला अडत नाही आणि इतरांच्या कामात व्यत्यय आणत नाही, एवढे पाहिले की पुढची निवड जिची तिने करावी. कोणी रोज साडी नेसेल, कोणी कधीच नेसणार नाही. साडी नेसणारी मागासलेली नव्हे आणि विजार घालणारी आगाऊ नव्हे.

कचेरी चालविणाऱ्या मंडळींनाही एक विनंती. नियम हवा असेल तर तो सोप्या मराठीत, चार ओळींत लिहा. स्त्री-पुरुषांना सारखाच लावा. आणि नव्या मुलीला तो पहिल्या दिवसाआधी हातात द्या. तिचे काही चुकले तर चारचौघांत नव्हे, एकांतात आणि स्पष्ट शब्दांत सांगा.

आणि घरच्यांनो, यंदा मुलीसाठी खरेदी करताना एवढेच करा. कापड तिला निवडू द्या, आणि संध्याकाळी ती थकून परतली की आज काय घातले होतेस हे विचारण्याआधी आज काय काम केलेस ते विचारा. तेवढ्या चौकशीने तिचा शिणवटा पुष्कळ उतरेल.